कोणती तबकडी वाजवावी? हाउस संगीतातील शिफारशीचा इतिहास

हाउस आणि त्याच्या कुळातील इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत यांचा इतिहास बहुधा कलावंत, क्लब आणि यंत्रे या तीन अंगांनी सांगितला जातो. परंतु शिकागोत घरगुती साधनांवर तयार झालेले संगीत दोन-तीन वर्षांत ब्रिटनच्या विक्रीयादीत अग्रस्थानी कसे पोहोचले, हा प्रश्न घेऊन त्या इतिहासाकडे पाहिले, तर दुकानांतील विक्रेते, साप्ताहिकांतील स्तंभलेखक, रेडिओ निवेदक आणि दर आठवड्याची यादी करून देणारे डीजे यांचाच राबता अधिक दिसतो. हाउस म्हणजे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी शिकागोत डिस्कोच्या पोटातून निघालेले, ड्रम मशीन आणि सिंथेसायझर यांवर रचलेले नृत्यसंगीत. त्यात चारही मात्रांवर सारख्याच वजनाचा ठोका पडतो आणि मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके असा वेग असतो. डीजे हा शब्द येथे दोन तबकड्यांवरील संगीत एकमेकांत मिसळून रात्रभर अखंड वाजवणाऱ्या व्यक्तीसाठी वापरला आहे. मिरवणुकीतील ध्वनिभिंतीलाच डीजे म्हणण्याची जी रीत महाराष्ट्रात पडली आहे, तिचा या विषयाशी संबंध नाही.

या संगीताची तबकडी गिऱ्हाइकापुढे येई ती जवळजवळ निनावी. साध्या कागदी वेष्टनात घातलेली बारा इंची तबकडी, मधल्या गोल चिठ्ठीवर एखादे नाव आणि क्वचित दूरध्वनी क्रमांक, गायकाचे छायाचित्र नाही, पुष्कळदा गायकच नाही, आणि एकच निर्माता चार-पाच टोपणनावांनी काम करणारा, अशी स्थिती असल्यामुळे वस्तूवरून तिच्या गुणाचा अंदाज येणे अशक्य होते. चित्रपटगीताची जाहिरात चित्रपट करतो आणि भावगीताला गायकाचे नाव पुरते. येथे मात्र कोणीतरी विश्वासातल्या माणसाने 'ही घ्या' म्हटल्याखेरीज तबकडी खपत नसे. म्हणून या क्षेत्रात शिफारस हा रसिकतेचा जोडधंदा राहिला नाही, वितरणाची मुख्य यंत्रणाच तिच्यावर उभी राहिली. आणि शिफारस करणाऱ्याची पत ठरली ती त्याच्या व्यासंगावरून नव्हे, तर त्याने सुचवलेल्या तबकडीवर लोक नाचले की नाहीत यावरून.

ही यंत्रणा हाउसच्या आधी, न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांत घडली. डेव्हिड मॅनकुसो यांनी १९७० च्या फेब्रुवारीत मॅनहॅटनमधील ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत निमंत्रितांसाठी नृत्यरात्री सुरू केल्या. ती जागा पुढे 'द लॉफ्ट' म्हणून ओळखली गेली. तेथे मद्यविक्री नव्हती आणि रेडिओवर कधी न वाजणाऱ्या तबकड्या अत्यंत उत्तम ध्वनियंत्रणेवर पूर्ण लांबीने ऐकवल्या जात. कॅमेरूनचे सॅक्सोफोनवादक मनू दिबांगो यांच्या 'सोल माकोसा' या तबकडीची कथा या संदर्भात महत्त्वाची आहे. १९७२ च्या आफ्रिकी फुटबॉल स्पर्धेनिमित्त काढलेल्या एका गीताची ही दुसरी बाजू. तिची आयात केलेली प्रत मॅनकुसो यांना ब्रुकलिनमधील वेस्ट इंडियन वस्तीच्या दुकानात सापडली, त्यांनी ती लॉफ्टमध्ये वाजवली, ती ऐकून इतर डीजे तिच्या मागे लागले, शहरातल्या मोजक्या आयात प्रती हातोहात संपल्या, आणि मूळ तबकडी मिळेना म्हणून इतर वादकवृंदांनी तिच्या नकला काढून विकल्या. अखेरीस अटलांटिक कंपनीने अमेरिकेतील हक्क घेतले आणि १९७३ मध्ये ती बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या मुख्य यादीत ३५ व्या क्रमांकापर्यंत चढली. कंपनी, रेडिओ आणि वृत्तपत्र यांचा नेहमीचा क्रम येथे पूर्ण उलटला होता: आधी नाच, मग मागणी, आणि शेवटी प्रकाशन.

या उलट्या क्रमाची नोंद छापील माध्यमांनी लवकरच घेतली. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये बिलबोर्डने टॉम मोल्टन यांच्याकडे डिस्कोचे सदर सोपवले आणि न्यूयॉर्कच्या क्लबांतील प्रतिसादावर आधारलेली पहिली यादी छापली. ग्लोरिया गेनॉर यांचे 'नेव्हर कॅन से गुडबाय' तिच्या अग्रस्थानी होते. त्यानंतर काही आठवड्यांतच रेकॉर्ड वर्ल्ड या व्यापारी साप्ताहिकात विन्स अलेत्ती यांचे 'डिस्को फाइल' सुरू झाले आणि ते १९७८ च्या अखेरपर्यंत चालले. अलेत्ती स्वतःचे मत मोजक्या शब्दांत देत आणि त्याच पानावर निरनिराळ्या क्लबांतील डीजेंच्या त्या आठवड्याच्या दहा-दहा तबकड्यांच्या याद्या, क्लबच्या नावासह, छापत. ही मांडणी वरवर अगदी साधी वाटते, तरी डीजेची यादी हा स्वतंत्र लेखनप्रकार तिनेच रूढ केला असे म्हणावे लागते. समीक्षक एखादी तबकडी चांगली का हे समजावून सांगतो, यादी काहीच समजावत नाही. अमुक माणसाने अमुक ठिकाणी ही वाजवली एवढीच साक्ष ती देते, आणि त्या साक्षीचे मोल वाचकाने त्या माणसाच्या लौकिकावरून ठरवायचे असते.

याद्या छापून आल्या तरी तबकडी हाती येण्याचा प्रश्न उरलाच होता. डीजेंना नव्या प्रकाशनांसाठी एकेका कंपनीच्या कचेरीत खेटे घालावे लागत, तेथे मोठ्या क्लबांतील मंडळींची वर्णी आधी लागे आणि लहान क्लबांतल्यांना रिकाम्या हाताने परतावे लागे. त्यावर उपाय म्हणून मॅनकुसो, स्टीव्ह डी'अक्विस्टो, अलेत्ती आणि इतरांनी १९७५ मध्ये 'न्यूयॉर्क रेकॉर्ड पूल' ही संस्था उभी केली. रेकॉर्ड पूल म्हणजे डीजेंचा संघ: कंपन्या नव्या तबकड्यांचे गठ्ठे संघाकडे देत, संघ त्या सर्व सभासदांना विनामूल्य व समान वाटे, आणि सभासदाने मोबदल्यात प्रत्येक तबकडीवर एक अभिप्रायपत्रक भरून द्यायचे, ज्यात नाचणाऱ्यांचा प्रतिसाद कसा होता हे नोंदवलेले असे. कंपनीला पैसा न खर्चता बाजाराचा अंदाज मिळे आणि क्विन्समधल्या एखाद्या छोट्या बारमधील डीजेलाही मॅनहॅटनच्या प्रतिष्ठित क्लबाइतकीच ताजी तबकडी मिळे. या संस्थेतील समतेचा विचार मॅनकुसो यांच्या स्वभावातून आला होता आणि तो व्यवहारात फार काळ तग धरू शकला नाही. पुढे ज्यूडी वाइनस्टीन यांनी 'फॉर द रेकॉर्ड' हा अधिक व्यवसायनिष्ठ संघ चालवला आणि अशी मंडळे इतर शहरांतही निघाली. अभिप्रायपत्रकाची ती रीत मात्र तशीच टिकली.

त्याच सुमारास तबकडीचे रूपही बदलले. सात इंची तबकडीत तीन-चार मिनिटांहून अधिक संगीत चांगल्या आवाजात मावत नसे. बारा इंची तबकडीवर एकच गाणे रुंद खोबणीत, जोरकस ठोक्यासह आणि लांबवून कोरता येई. १९७६ मध्ये साल्सोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गायकवृंदाची 'टेन पर्सेंट' ही तबकडी, डीजे वॉल्टर गिबन्स यांच्याकडून लांबवून घेऊन, याच स्वरूपात विक्रीला आणली. डीजेसाठी घडवलेली वस्तू सामान्य गिऱ्हाइकाला मिळू लागल्यामुळे दुकानाच्या काउंटरवरील विक्रेता आपोआप शिफारसकर्ता झाला. न्यूयॉर्कच्या कार्माइन रस्त्यावरचे, चार्ली ग्रॅपोन यांचे 'व्हायनिलमॅनिया' हे दुकान याचे उत्तम उदाहरण: लॅरी लेव्हान जेथे वाजवत तो 'पॅराडाइस गराज' क्लब जवळच असल्यामुळे रात्रभर नाचून आलेली मंडळी तेथे येत, नाव माहीत नसलेल्या गाण्याची चाल गुणगुणून दाखवत, आणि ते ओळखता येणे हेच विक्रेत्याचे खरे कसब ठरे.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर रेडिओ निवेदक स्टीव्ह डाल यांनी दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा स्फोट घडवून आणला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. त्या दिवशी मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणाऱ्यांत व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय तरुण होता, आणि लोकांनी फोडायला आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेले कृष्णवर्णीयांचे संगीतही भरपूर होते, असे त्याने पुढे सांगितले आहे. मोठ्या कंपन्यांनी यानंतर डिस्कोतून अंग काढून घेतले. नव्या तबकड्यांचा पुरवठा आटला, क्लब मात्र चालूच राहिले. या तुटवड्यातच हाउसचा जन्म झाला आणि लॉरेन्स व जेसी सॉंडर्स यांनी १९८४ मध्ये काढलेली 'ऑन अँड ऑन' ही हाउसची पहिली तबकडी मानली जाते.

शिकागोतील 'वेअरहाउस' क्लबात न्यूयॉर्कहून आलेले फ्रँकी नकल्स १९७७ पासून वाजवत होते. तेथे वाजणाऱ्या जुन्या डिस्को, इटालियन आणि इतर आयात तबकड्या 'इम्पोर्ट्स एटसेटेरा' या दुकानात मिळत. दुकानातील खणांवर 'वेअरहाउसमध्ये ऐकलेल्या' अशी चिठ्ठी लावली जाई आणि ती आखडत केवळ 'हाउस' एवढीच उरली, असे तेथे काम केलेले निर्माते चिप ई. सांगतात. नावाच्या उगमाचे इतर दावेही आहेत, परंतु एखाद्या संगीतप्रकाराचे नाव दुकानातील शिफारशीच्या चिठ्ठीवरून पडावे हा दावा या व्यवसायाच्या रीतीशी इतका जुळतो की तो बाजूला सारणे कठीण आहे. शहराला जोडण्याचे काम रेडिओने केले: डब्ल्यूबीएमएक्स केंद्रावर १९८१ पासून फार्ली कीथ, राल्फी रोसारिओ, मिकी ऑलिव्हर, केनी जेसन आणि स्कॉट सिल्झ या 'हॉट मिक्स फाइव्ह' म्हणून ओळखल्या गेलेल्या डीजेंचे सलग मिश्रण प्रसारित होई, शाळकरी मुले ते कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि तीच कॅसेट दाखवून दुकानात तबकडी मागत.

शिफारशीची सर्वांत टोकाची कसोटी मात्र 'म्युझिक बॉक्स' या क्लबात झाली. तेथील डीजे रॉन हार्डी हे अप्रकाशित संगीत थेट फितीवरून वाजवत, त्यामुळे आसपासचे तरुण निर्माते आपली कॅसेट घेऊन त्यांच्याकडे जात. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांच्या 'फ्यूचर' या गटाने रोलंड कंपनीचे टीबी-३०३ हे मुळात गिटारवादकांच्या सरावासाठी बनवलेले आणि बाजारात पडलेले यंत्र वेड्यावाकड्या रीतीने हाताळून एक लांबलचक, किरकिरत वळसे घेणारी रचना तयार केली होती. हार्डी यांनी ती एकाच रात्री चार वेळा वाजवली; पहिल्या वेळी नाचणारे फ्लोअर सोडून गेले, आणि चौथ्या वेळी तेच लोक बेभान होऊन नाचले, असे पिअर यांनी नमूद केले आहे. निर्मात्यांनी दिलेले नाव मागे पडून लोकांत ती 'रॉन हार्डींची अॅसिड ट्रॅक' म्हणून फिरली आणि १९८७ मध्ये ट्रॅक्स कंपनीने ती 'अॅसिड ट्रॅक्स' नावाने प्रकाशित केली. लोकांना जे आवडते ते सुचवणारा आणि लोकांना आवडेपर्यंत सुचवत राहणारा असे शिफारसकर्त्याचे दोन प्रकार मानले, तर हार्डी दुसऱ्या प्रकारातले होते. पहिल्या प्रकारची माणसे धंदा चालवतात हे खरे, पण अॅसिड हाउससारखी शाखा त्यांच्या हातून फुटली नसती.

या उघड्या शिफारशीच्या शेजारी लपवाछपवीची परंपराही तितकीच जुनी आहे आणि ती दुर्लक्षून चालत नाही. जमैकातील ध्वनियंत्रणांचे मालक १९५० च्या दशकात अमेरिकी तबकड्यांवरील चिठ्ठ्या खरवडून काढत, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधील डीजे कूल हर्क त्या पाण्यात भिजवून सोलत, आणि इंग्लंडच्या उत्तरेकडील 'नॉर्दर्न सोल' क्लबांत, जेथे १९६० च्या दशकातील विस्मृत अमेरिकी सोल तबकड्या शोधून त्यांवर नाचण्याचा प्रघात होता, डीजे तबकडीवर कोरा कागद चिकटवून तिला खोटे नाव देत. आपल्याकडे असलेली तबकडी दुसऱ्याला मिळू नये हा हेतू उघड आहे. परंतु लपवल्याने तिच्याविषयीचे कुतूहल वाढे, म्हणजे लपवणे हीही एक प्रकारची जाहिरातच ठरे. १९८८ मध्ये डेट्रॉइटच्या हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉंडरसन यांच्या संगीताला टेक्नो या स्वतंत्र नावाने ब्रिटनपुढे आणणारा संग्रह ज्या नील रश्टन यांनी जुळवला, ते याच नॉर्दर्न सोलच्या शोधवृत्तीत वाढलेले होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

ब्रिटनमध्ये हाउस आले तेव्हा त्याच्याविषयी वाचणारा एक तयार वाचकवर्ग होता, आणि तो घडवण्याचे बरेचसे श्रेय जेम्स हॅमिल्टन यांना जाते. रेकॉर्ड मिरर या साप्ताहिकात त्यांनी १९७५ पासून नृत्यसंगीताचे सदर लिहिले आणि ते साप्ताहिक बंद पडल्यावरही १९९६ मधील मृत्यूपर्यंत अन्यत्र चालू ठेवले. स्टॉपवॉच हाती घेऊन प्रत्येक तबकडीचे मिनिटाला किती ठोके पडतात हे ते मोजत, दशांशापर्यंत छापत, आणि गाण्यात मध्येच वेग बदलत असेल तर तोही नोंदवत. दोन तबकड्या एकमेकांत बेमालूम मिसळण्यासाठी त्यांचे वेग जुळावे लागतात, त्यामुळे हा आकडा डीजेला कोणत्याही स्तुतीपेक्षा उपयोगी होता. आकड्यापाठोपाठ येणारे वर्णन विशेषणे एकाला एक जोडून केलेल्या, पूर्णविरामाची फारशी फिकीर नसलेल्या लांब वाक्यात असे. ते वाचून संगीत ऐकू येते की नाही हा वादाचा विषय असला, तरी गाणे कोठे सुरू होते, ढोल कोठे थांबतो, गायन किती आहे आणि हे कोणत्या गाण्यापुढे वाजवावे हे त्यातून कळे. नृत्यसंगीतावरील नंतरचे बरेच लेखन अधिक प्रौढ आणि अधिक विचारसंपन्न आहे, पण इतके कामाचे नाही.

१९८६ मध्ये फार्ली कीथ यांचे 'लव्ह कान्ट टर्न अराउंड' ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेले आणि १९८७ च्या जानेवारीत स्टीव्ह 'सिल्क' हर्ली यांचे 'जॅक युअर बॉडी' अग्रस्थानी पोहोचले. नंतरच्या दशकात शिफारशीचा व्यवसाय चांगलाच फोफावला: डीजेंसाठीचे पत्रक म्हणून १९८३ मध्ये निघालेले मिक्समॅग मोठे मासिक झाले, बीबीसी रेडिओ वनवर १९९१ पासून पीट टाँग यांचा शुक्रवारचा 'इसेन्शियल सिलेक्शन' हा कार्यक्रम सुरू झाला, आणि बर्लिनमध्ये मार्क एर्नेस्टस यांनी १९८९ मध्ये काढलेल्या 'हार्ड वॅक्स' या दुकानाने प्रत्येक तबकडीमागे चार-पाच शब्दांचाच शेरा देण्याची काटकसर प्रतिष्ठित केली. दुकानाच्या काउंटरखाली ठरावीक गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेला गठ्ठा ही या काळातली सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. नवख्याला तेथे पोहोचायला कित्येक महिने लागत आणि अपमानही गिळावा लागे.

भारताशी या इतिहासाचा दुवा दोन ठिकाणी जुळतो. गोव्यातील हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर १९८० च्या दशकात गोवा गिल, फ्रान्सहून आलेले लोरां आणि इतर परदेशी डीजे इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवत, पण उन्हात व दमट हवेत तबकड्या वाकत असल्यामुळे कॅसेट आणि पुढे डॅट ही अंकीय फीत हे तेथील माध्यम झाले. पावसाळ्यात युरोपात जमवलेले संगीत, गायन कापून टाकून नव्याने जोडलेले, हिवाळ्यात किनाऱ्यावर येई आणि प्रवाशांच्या हातून फितीची प्रत जगभर जाई. येथे ना दुकान होते ना स्तंभलेखक, प्रत करून देणे हीच शिफारस होती. दुसरा दुवा मुंबईचा आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या रोलंडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी एचएमव्हीसाठी केली. ती फारशी खपली नाही. डच संग्राहक एडो बाउमन यांना २००२ मध्ये दिल्लीत तिची प्रत सापडली, २०१० मध्ये त्यांनी ती पुनःप्रकाशित केली, आणि 'फ्यूचर'च्या पाच वर्षे आधी अॅसिड हाउस मुंबईत जन्मले असा डंका युरोपात पिटला गेला. २०१५ मध्ये निधन होण्यापूर्वी सिंग यांना त्या रचना परदेशातील रंगमंचांवर सादर करता आल्या. ध्वनीचे साम्य विलक्षण आहे, परंतु दावा टिकत नाही. अॅसिड हाउस म्हणजे केवळ त्या यंत्राचा आवाज नव्हे. चार वेळा वाजवणारा हार्डी, नाचून मत देणारा जमाव, कॅसेटची फिरती आणि दुकानातला खण हे सारे त्यात येते, आणि यांतले काहीही त्या तबकडीच्या वाट्याला १९८२ च्या मुंबईत आले नाही. उलट, २०१० नंतर तिला मिळालेली कीर्ती ही शिफारशीच्या यंत्रणेची कमाल म्हणून पाहिली तर अधिक नीट समजते.

एकविसाव्या शतकात माध्यमे झपाट्याने बदलली. २००० मध्ये निघालेल्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळाने, आरंभी केवळ इलेक्ट्रॉनिक संगीताची, प्रत्येक तबकडीची नोंद करायला घेतली. वाजणारे गाणे फोनवरून ओळखून देणाऱ्या, २००२ मध्ये आलेल्या शॅझमने गुणगुणून दाखवण्याची गरज संपवली आणि त्याबरोबर नाव लपवण्याची सोयही बरीचशी गेली. २००४ मध्ये सुरू झालेल्या बीटपोर्टने तबकडीऐवजी फाइल विकत डीजेंच्या याद्यांना खरेदीचे बटण जोडले. पूर्वी कोरी चिठ्ठी लावलेली चाचणी-प्रत टपालाने येई, आता कंपनीचा ईमेल येतो, आणि अनेक वितरणसेवांत अभिप्राय लिहून गुण दिल्याखेरीज फाइल उतरवताच येत नाही. असे सक्तीचे अभिप्राय नामांकितांच्या नावासह पुढच्या प्रसिद्धिपत्रकात छापले जातात. डीजे रिची हॉटिन यांच्या कचेरीतून प्रत्येक संगीताला येणारे 'आर. हॉटिन यांच्यासाठी डाउनलोड करत आहोत' हे एकच ठरीव उत्तर त्यामुळे इतके प्रसिद्ध झाले की या व्यवसायात ते विनोदाचा विषय बनले, तरीही काही छोट्या प्रकाशकांनी ते वाक्य पाठिंबा म्हणून आपल्या पत्रकांत छापलेच.